नागपूरच्या कम्प्युटरला न दिसलेली राख

स्क्रीनवर पुन्हा 'रिजेक्टेड' आलं. समोर मारोतीभाऊ राइस मिलवाले, त्यांच्या मागे मिलशेजारी राहणाऱ्या, सुकी मासोळी विकणाऱ्या कमलाबाई, आणि मी माऊस आपटत बसलेलो.

मी मूल गावातल्या बँकेत लोन ऑफिसर होतो. पूर्वी मिल बघून यायचं, मॅनेजरशी बोलायचं, कर्ज ठरायचं. मग कम्प्युटर जोडले गेले. आता आम्ही फक्त आकडे भरायचे. हो की नाही, ते नागपूरच्या रीजनल ऑफिसातलं सॉफ्टवेअर सांगणार.

उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर आधी धान उकडावं लागतं. त्यासाठी मिलवाले धानाचं तूस, म्हणजे वरचं टरफलच जाळतात. मारोतीभाऊंची भट्टी जुनाट. तूस अर्धवट जळायचं आणि राख उडून शेजारच्या मासेमारांच्या मोहल्ल्यावर पडायची. कर्ज हवं होतं ते नव्या भट्टीसाठी. ती निम्म्या तुसात तेवढंच धान उकडणार होती, राखही आतच धरणार होती.

"काऊन नाई म्हणते हो तो कम्प्युटर?" कमलाबाईंनी विचारलं. "सुकवलेल्या मासोळीवर राख. बाजारात कोणी हात लावत नाई. नातवाचे डोळे सुजून राह्यले. केव्हा बसन ते भट्टी?"

मी नागपूरच्या रीजनल ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"नव्या भट्टीने उत्पादन किती वाढतं?" साहेबांनी विचारलं.

"तेवढंच राहतं, सर. तूस निम्मं लागतं."

"तूस विकत घेतात का?"

"नाही, मिलचंच असतं."

"मग बचत झीरो. सिस्टिम बरोबर सांगतेय."

"आणि राख?"

"राखेचा कॉलम नाही. जनरेटर टाकून बघा. लोडशेडिंगमध्ये मिल चालेल, उत्पादन वाढेल."

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "सर, इथे येऊन एकदा श्वास घ्या." त्यांनी फोन ठेवला. मग मी मॅनेजरच्या सहीने लेखी विनंती पाठवली. उत्तर आलं, सिस्टिममध्ये हस्तक्षेप करता येणार नाही.

मारोतीभाऊ बरेच दिवस थांबले. शेवटी म्हणाले, "साहेब, भट्टी नाई त जनरेटरच द्या. लाइट गेली का मिल बंद पडते. मले मजुरायले काम द्याचं हाय."

मी चरफडत आकडे भरले. दुसऱ्याच दिवशी मंजुरी. पैसे थेट डीलरच्या खात्यात. आठवड्यात मिलच्या मागच्या भिंतीला डिझेल जनरेटर बसला, धुराड्याचं तोंड मोहल्ल्याकडे. वरून राख होतीच.

नागपूरहून साहेबांचा फोन आला. विभागातलं सर्वांत जलद कर्ज आमच्या शाखेचं, म्हणून अभिनंदन. मी "थँक्यू" म्हटलं नाही. माझी बदली लवकर झाली, त्याचं कारण कदाचित हेच असावं.

जाण्याआधी कमलाबाई भेटल्या. पदर नाकाला लावलेला. "भट्टी मांगतली, साहेब, अन् तुमी धूर देल्ला," एवढंच बोलल्या.

कर्ज पटकन मिळालं म्हणजे चांगलं काम झालं, असं कुणी म्हणालं की माझं टाळकं आजही फिरतं. कर्ज कशासाठी दिलं, ते आधी विचारावं. आणि ज्याच्या घरावर धूर जातो, त्यालाही विचारावं.