वसीलाने तिऱ्हाइतांना बाहेर बसवलं

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या केफ गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पस्तीस वर्षं न्हाव्याचा धंदा करतोय. खुर्चीत बसलेला एखादा बाप सांगायचा की मुलीचा साखरपुडा ठरला. मी दारातूनच मिठाईवाल्या हम्मादीला हाक मारायचो. बाप घरी पोचेपर्यंत हम्मादी, ढोलवाला आणि खुर्च्या भाड्याने देणारा असे तिघे त्याच्या दारात हजर. हम्मादी मला बकलाव्याची पेटी पाठवायचा. मी लोकांची सोय बघतो, असंच मला वाटायचं.

वसीला आमच्याच गल्लीत, चढाच्या वरच्या टोकाला, पब्लिनेट, म्हणजे इंटरनेटचं दुकान, चालवते. सहा जुने संगणक आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. आता घरोघरी फोन आलेत, तरी परीक्षेचे अर्ज, व्हिसाचे कागद, परदेशातल्या मुलांशी बोलायला येणाऱ्या आया, यांच्यावर तिचं चालतं. एक गिऱ्हाईक उठलं की ती स्वतः जाऊन त्याने काय काय पाहिलं ते सगळं पुसून टाकते, मगच दुसऱ्याला बसवते. बाहेर रांग असली तरी तिला घाई नसते. कुणी कुरकुर केली तर म्हणते, "तुमचंही असंच पुसणार आहे, जरा दम धरा."

बारा वर्षं मी तिच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. का, ते सांगतो. तिच्या परवानगीने सांगतोय. अशी परवानगी मागायची असते, हे मला फार उशिरा कळलं. वसीलाचं लग्न ठरलं होतं. तिचे वडील सी तय्यब ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'राव') माझ्याकडे दाढी करताना सहज बोलून गेले की पोरीला लहानपणी दोनदा फिट आली होती, आता काही नाही, देवाची कृपा. मी ते सहज कापडवाल्याला सांगितलं. त्याने बायकोला, बायकोने नवऱ्या मुलाच्या आत्याला. आठवड्यात लग्न मोडलं. सी तय्यब त्यानंतर खाली बसस्टँडजवळच्या न्हाव्याकडे जायला लागले. मला एक शब्दही बोलले नाहीत. वसीलाने त्याच वर्षी पब्लिनेट टाकलं.

गेल्या हिवाळ्यात माझे हात थरथरायला लागले. चहाचा पेला बशीवर वाजायचा. अंग उतरलं, थंडीत घाम यायचा. थरथरत्या हाताच्या न्हाव्यापुढे कोण गळा करेल? धारच गेलीय, पाठ धरलीय, अशा थापा मारून मी वस्तरा बाजूला ठेवला आणि नुसतं मशीन फिरवायला लागलो. एका दुपारी दुकान ओढून घेतलं आणि फोनवर हाताच्या कंपाविषयी चार पानं वाचली. झालं.

दुसऱ्या दिवशी तोच फोन रोजच्यासारखा आरशापाशी उभा केला. गिऱ्हाइकं त्याच्यावर फुटबॉलचे निकाल बघतात. निकालाच्या खाली जाहिरात आली: हात थरथरतात? न सांडणारा चमचा मागवा. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. बसचा ड्रायव्हर मुख्तार खुर्चीत होता.

"काय उस्ता, तुमच्या फोनला कुणाच्या हाताची एवढी काळजी?"

"बायकोच्या मावशीची. तिने घेतला होता काल."

"मावशी फुटबॉल बघते वाटतं."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हात खिशात घातले. आणखी दोन दिवस हे चाललं असतं तर माझं दुकान बसलंच म्हणून समजा. फोन आपटून फोडावा असं वाटत होतं. शेवटी निमूटपणे चढ चढलो आणि वसीलाच्या दारात उभा राहिलो. दुसरं कोण होतं?

"बसा, सी खमैस," ती म्हणाली. एवढंच. फोन देताना माझ्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. तिने फोन घेतला. "कुणी कुणी पाहिलं?"

"मुख्तारने."

"मग अजून सगळ्या गावाने नाही." ती फोनवर काहीतरी करत बोलत राहिली. "तुम्ही औषधाचं पान उघडलंत. म्हणजे त्या मालकाच्या घरी गेलात, त्याला कळणारच. पण त्याच्या घरात दहा तिऱ्हाईत बसलेले असतात. ते तुमच्या पाठीला गुपचूप चिठ्ठी चिकटवतात. कुकी म्हणतात तिला. मग तुम्ही फुटबॉलच्या घरी जाता, तिथेही तेच बसलेले. चिठ्ठी वाचतात आणि चमचा दाखवतात."

"हरामखोर लेकाचे. माझ्या हाताशी त्यांना काय करायचंय?"

"काही नाही. हम्मादीला तरी नवरीशी काय करायचं असतं?"

पस्तीस वर्षांत मला कुणी इतक्या थोड्या शब्दांत गप्प केलं नव्हतं. तिला स्वतःचंही नाव घेता आलं असतं. तिने घेतलं नाही.

"जुन्या चिठ्ठ्या काढल्या," ती फोन परत देत म्हणाली. "आता मालकाची चिठ्ठी चालेल, नाहीतर काही पानं उघडायचीच नाहीत. तिऱ्हाइतांना बाहेर बसवलंय. सगळा पाठलाग थांबेल असं नाही, पण पुष्कळ कमी होईल. आणि असलं काही वाचायचं असेल तर इथे येऊन वाचत जा."

दुसऱ्या दिवशी निकालाच्या खाली कपडे धुण्याची पावडर आली. मुख्तार म्हणाला, "मावशी बरी झाली वाटतं." पावडरीची जाहिरात पाहून देवाचे आभार मानणारा केफमध्ये मी एकटाच असेन.

मग मी रोज दुपारी वसीलाकडे जायला लागलो. तिनेच वाचता वाचता विचारलं, घाम येतो का, छाती धडधडते का, आणि सगळं एका कागदावर लिहून राजधानीतल्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत होती, म्हणे. जन्मभर दुसऱ्यांचे गळे पाहिले, स्वतःच्या गळ्याकडे कधी लक्ष गेलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत पेला बशीवर वाजायचा थांबला.

त्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. बोलायचं खूप होतं.

"पोरी, बारा वर्षांपूर्वी मी..."

"माहीत आहे मला. दहा दिवस रडले, मग संगणक विकत आणले. आता काय, तुमचे आभार मानू?"

"माझं तू सांगू शकली असतीस. मुख्तार इथे येतो की."

"येतो. विचारतही होता." ती प्रिंटरमध्ये कागद घालत होती. "सी खमैस, इथे बायका कशाकशाची पानं उघडतात, तुम्हाला काय सांगू. एकाचं सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून एक बाई पायरी चढायची नाही. आणि मला तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं, हेही आहे."

हे तिने रागाने म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. तरी मी तिचा ऋणी आहे, आणि ते उघड सांगायला मला लाज वाटत नाही. माझा धंदा, माझी अब्रू, सगळं त्या पोरीने सांभाळलं, आणि ती मी बुडवलेली पोर होती.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं आणि दारात काठी टेकत सी तय्यब. मी उभाच राहिलो. ते आत आले, बारा वर्षं काही झालंच नाही असे खुर्चीत बसले.

"वसीलाने पाठवलंय," ते म्हणाले. "म्हणाली, आता सी खमैसकडेच जात जा. आणि वस्तऱ्यानेच करून घ्या."

त्यांना माझ्या हातांचं काहीच ठाऊक नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. मी साबण लावला, वस्तरा उघडला. त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले. हात स्थिर होता.

अर्धी दाढी झाल्यावर म्हाताऱ्याला राहवेना. हळूच म्हणाले, "खमैस, वसीलाचं एक चाललंय. अजून कुणालाच..."

"सी तय्यब," मी म्हणालो, "बोलू नका. वस्तरा गळ्यावर आहे."

मी उरलेली अर्धी दाढी उतरवली. तिचं काय चाललंय, मला आजही ठाऊक नाही.