डुगडुगणारं स्टूल

मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत ते घर आहे. बारा खोल्या, एक लांबलचक स्वयंपाकघर आणि एकच आत्या. गंभीर आजारी मुलांच्या आईबापांनी तिथे राहायचं, रांधायचं, कपडे वाळत घालायचे आणि भाड्याचा विषय काढायचा नाही. आत्या तिथली व्यवस्थापक. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलंय, पण त्या नावाने हाक मारायची कोणाची छाती नाही.

"काकूला काका लागतो, मामीला मामा," नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी सांगते. "आत्याला नुसता भाऊ लागतो. आणि मुलांचे बाप तर इथे रोज येतात."

आयांची तिला फार काळजी नसे. त्या रडायच्या, भांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी चहात साखर कमी म्हणून कुरकुरायच्या. बाप मात्र पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहायचे आणि मग एक दिवस म्हणायचे, "जरा घरी जाऊन येतो." गेलेला बाप वेळेवर परत येतोच असं नाही, हे आत्याने पुष्कळदा पाहिलं होतं.

सहा नंबरच्या खोलीतला बाप सुतार होता. त्याची सात वर्षांची लेक इस्पितळात, बायको तिच्या उशाशी. लेक इतकी हुज्जत घालायची की नर्स तिला वकीलबाई म्हणत. हृदयाचं ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं, तेव्हा वकीलबाईंनी अट घातली, "दारापर्यंत बाबाच येणार. बाबा नसले तर मी आत जाणार नाही."

आणि तिसऱ्याच दिवशी सुतार पिशवी घेऊन आत्यासमोर उभा.

"येतो मग."

"कुठे निघालात?"

"घरी. फुकटचं किती दिवस खायचं? तिची आई आहे तिच्याजवळ, मी नुसती जागा अडवतोय. आदल्या दिवशी येतो ना परत."

"या की. जाता जाता तेवढं स्टूल बघता? कधीचं डुगडुगतंय. कोणी पडलं, तर मला घरात आणखी एक पेशंट नको."

ते स्टूल म्हणजे आत्याचं हुकमाचं पान. बारा वर्षांत त्याचे स्क्रू मास्तरांनी पिळले, शिंप्यांनी पिळले. स्क्रू पिळणारा मग नळ बघायचा, कपाटाचं दार बघायचा आणि जायचं विसरायचा. आत्या चमच्याच्या टोकाने स्क्रू पुन्हा ढिले करून ठेवायची.

सुताराने पिशवी खाली ठेवली, स्टूल उलटं केलं आणि तो खवळलाच. "हे कुठल्या गाढवाने केलंय?"

सांध्यात लावलेला सरस वाळायला रात्र जाणार म्हणून तो राहिला. सकाळी बघतो तर आत्या चमचा घेऊन स्टुलाखाली घुसलेली.

"काय शोधताय, आत्या?"

"स्क्रू कुठे गेले?"

"काढून टाकले. सांधा सरसाने पक्का केलाय. आता हत्ती बसला तरी हलायचं नाही."

"वाटोळं केलंत हो माझं!" आत्या तिथेच फतकल मारून बसली. "बारा वर्षं राबलं बिचारं! चार नंबरमध्ये काल ड्रायव्हर आलाय, उठल्यापासून हातांकडे बघत बसलाय. त्याच्यापुढे आता काय ठेवू? तुमचा हत्ती?"

सुताराला अर्थ लागायला जरा वेळ गेला. मग त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे मुद्दाम? मलासुद्धा?"

"तुम्ही तर पिशवी घेऊन उभे होतात!"

आणि त्या घरात आल्यापासून सुतार पहिल्यांदा हसला. "अहो, पण चमच्याने? डुगडुगण्यातसुद्धा काही कारागिरी हवी की नको? काढता-घालता येईल अशी पाचर बसवतो. पाचर काढली की डुगडुगेल, घातली की गप्प."

"मग करा ना. किती दिवस लागतील?"

सुताराने पिशवीकडे पाहिलं. "नवंच करावं लागेल. चार-पाच दिवस तरी."

लाकूड धरायला त्याने चार नंबरच्या ड्रायव्हरला ओढून आणलं. रोज दुपारी वकीलबाईंकडे हजेरी लागायची.

"बाबा, वाईट स्टूल करायला एवढा वेळ?"

"वाईट नाही गं. मापात वाईट."

ऑपरेशनच्या दिवशी तो तिचा हात धरून दारापर्यंत गेला.

"इथेच थांबायचं," वकीलबाईंनी बजावलं.

"हललो तर बघ."

मग चार तास तो आणि त्याची बायको बाहेर बसून होते. बायको बाकावर, तो जमिनीवर, स्टूल मांडीत घेऊन पॉलिश पेपरने घासत. भुसा पडतो म्हणून नर्स दोनदा ओरडली. तिसऱ्यांदा तिने मुकाट्याने झाडूच हातात दिला.

दार उघडलं, तसा सुतार स्टूल खाली ठेवून उठला. डॉक्टर म्हणाले, "काम नीट झालंय. पोरगी चांगली आहे. थोड्या वेळाने भेटा." आणि दमून समोरच्या स्टुलावर टेकले. पाचर काढलेलीच होती; स्टूल डुगडुगलं. डॉक्टर उठले, त्यांनी ते उलटं करून पाय हलवून बघितला आणि नर्सला म्हणाले, "अहो, स्क्रूड्रायव्हर मिळेल का कुठे?"

सुतार हसतोय की रडतोय, हे त्याच्या बायकोला कळेना.

संध्याकाळी त्याने स्टूल स्वयंपाकघरात आणलं. लेकीची सगळी खुशाली ऐकून, डोळे पुसून झाल्यावर आत्याने विचारलं, "एवढा दमलेला डॉक्टर, आणि लगेच उलटं केलं?"

"लगेच!"

आत्याने पाचर खिशात टाकली, स्टूल भिंतीशी ठेवलं आणि जरा मागे सरून बघितलं.

"म्हणजे चालतंय."