आबांचं नाव

"बराबर!" असं म्हणून आबा डावा हात हवेत उडवायचे, जणू आत्ताच सौदा ठरला. पाणी पाहिजे असलं तरी बराबर, पंखा बंद करायचा असला तरी बराबर. राग आला की तोच शब्द तीनदा, आणि तिसरा एवढा मोठा की बाहेरची माणसं दारातून डोकावायची.

हिंगोलीला दवाखान्याच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी बोलण्याचा वर्ग भरतो. लकवा मारल्यावर ज्यांची वाचा गेली, त्यांच्यासाठी. मी तिथं झाडते, चटया घालते, चहा देते. नांदेडहून एक बाई शिकवायला येतात. त्या म्हणाल्या, "याला अफेझिया म्हणतात. माणूस आतून शहाणाच असतो, फक्त शब्द हाती लागत नाहीत." कोणाला कोणता शब्द कधी परत आला, ते त्या वहीत लिहितात. त्यावर त्यांचा अभ्यास चालू आहे.

आबा सेनगावकडच्या खेड्यातले. जन्मभर शेळ्या राखल्या. लकव्यानंतर पाय सावरला, पण शब्द एकच उरला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या आजी, त्यांना जीपनं घेऊन यायच्या.

पहिल्या दिवशी बाईंनी शेळीचं चित्र दाखवलं. आबांनी ते निरखून पाहिलं, हसले आणि नाही म्हणून जोरात मान हलवली. बाई वहीत लिहिणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "बाई, असली शेळी नसती म्हनून राहिले ते. कान पाहा की, सशावानी हायेत." पुढच्या गुरुवारी आजींनी घरच्या शेळीचा फोटो आणला. आबांनी त्यावर बोट ठेवलं, ओठ जुळवले, घाम पुसला. "शेळी." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी जुनी चित्रं बाजूला ठेवली.

मग पाणी आलं, भाकर आली, गावाचं नावही आलं. स्वतःचं नाव मात्र येईना, आणि आबांना तेच पाहिजे होतं. त्याचं कारण असं. कळमनुरीच्या बाजारात ते एकदा लेकापासून चुकले. लोकांनी नाव विचारलं, हे म्हणाले, "बराबर." लोकांना वाटलं, पिऊन आलाय. दिवसभर स्टँडवर बसून राहिले. लेकाला सापडले तेव्हा पोटात पाणीसुद्धा नव्हतं. तेव्हापासून लेकानं सांगून टाकलं, "दादा, नाव-गाव सांगता येईल तवाच एकटं जायचं." शेळ्या पुतण्याकडं गेल्या. आबा दारात बसून त्यांची वाट बघायचे. तुम्ही पाहिलं असेल, रानातला माणूस घरात बसला की कसा होतो ते.

बाईंनी आजींना बजावलं होतं, रोज दहा वेळा नाव म्हणवून घ्या. दोन महिने गेले. एका गुरुवारी बाईंनी विचारलं, "आजी, घरी कसं शिकवता?"

"मी म्हनते, अवो, तुमचं नाव काय?"

"आणि मग तुम्ही म्हणून दाखवता ना?"

आजींनी पदर तोंडाला लावला. "मी कशी म्हनू? नवऱ्याचं नाव घेतेत काय कुनी!"

खोली हसायला लागली. ज्यांना बोलता येत नव्हतं तेही हसले. बाईंनी तर कपाळाला हात लावला. मीही हसले, पण मनात म्हटलं, मीसुद्धा घेतलं नसतं. त्या घरात लेक 'दादा' म्हणतो, गाव 'आबा' म्हणतं, आजी 'अवो' म्हणतात. ते नाव आबांच्या कानावरच पडत नव्हतं.

"लग्नात तर घेतलं असेल?" बाई म्हणाल्या.

"तवा घेतलं. ननंदेनं उंबऱ्यावर अडवलं होतं, काय करता!"

"मग तेच म्हणा."

आजी नाही नाही म्हणाल्या. आबांनी डाव्या हातानं त्यांचा पदर ओढला. शेवटी आजी भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि नव्या नवरीसारख्या बारीक आवाजात म्हणाल्या,

"कयाधूच्या काठाला मेंढरं बसली गार..."

आणि अडकल्या. पुढं नाव होतं. एक शब्द तोंडातून निघेना. आबा त्यांच्या पाठीकडं बघत होते. ओठ हलले, मान पुढं आली, आणि त्यांनीच म्हटलं. पूर्ण. रावासकट.

आजी गर्रकन वळल्या. "...च्या नावानं उघडते घराचं दार," असं एका दमात म्हणून मटकन खाली बसल्या, आणि हसता हसता रडल्या. बाई वहीत लिहायचं विसरल्या. आबांनी सगळ्यांना नाव सांगितलं, मलाही चहा घेताना दोनदा. मी ते इथं लिहीत नाही. ते त्यांचं त्यांनीच सांगावं.

उन्हाळ्यानंतर आबा येईनासे झाले. आजींनी फोनवर बाईंना सांगितलं, "आता कव्हा येतेत ते! सकाळीच भाकर बांधून जातेत."

परवा मी माहेरी चालले होते. सेनगावच्या रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्या म्हणून जीप थांबली. कडेला आबा एकटेच उभे होते. एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना काहीतरी विचारलं होतं, आणि गाडी बंद करून तो ऐकत होता. आबा हळूहळू, एकेक शब्द शोधून त्याला सांगत होते. मी हाक मारणार होते, पण त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.