तिच्या मापाची पायरी

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की मला काकू गेली ती दुपार आठवते. काकांनी जन्मभर कारखान्यात मोटारींच्या बॉड्या आखल्या, पण कागदावरून रस्त्यावर आली ती एकच व्हॅन. तिची मागची पायरी किती उंच ठेवायची, हे त्यांनी बडोद्याच्या घराच्या अंगणात ठरवलं होतं. एकावर एक विटा रचून ते काकूला पुन्हापुन्हा चढायला लावत, आणि ती निऱ्या सावरत म्हणे, "अहो, अजून एक वीट काढा." साहेबांशी भांडून त्यांनी पायरी तेवढीच खाली ठेवली. पुढे कारखाना बंद पडला, काकांच्या आखणीच्या त्या गाड्याही दिसेनाशा झाल्या. त्या दुपारी दाराशी शववाहिनी येऊन उभी राहिली, ती नेमकी त्यातलीच निघाली, वरून पांढरा रंग मारलेली. मागचं दार उघडलं तसा तो वास बाहेर आला. चौघांनी काकूला उचललं आणि सरळ आत सरकवलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तमे आगळ बेसो." पण काका पुढे गेले नाहीत. वाकून त्यांनी पायरीवरची धूळ तळहाताने पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला लागलीच नाही गं ही." मग पायरीवर पाय न ठेवताच, दाराची कड धरून, ते कसेबसे आत चढले. आता काकाही नाहीत. परवा एका नव्या उंच गाडीत चढताना माझा गुडघा अडला, आणि पाय नकळत खाली काहीतरी शोधत राहिला.