उजव्या कोपऱ्याची पकड

मंडळी, आज सकाळी पोहण्याच्या तलावात मी एका माणसाची पकड केली.

पिंपळे सौदागरच्या आमच्या गटात ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीची तयारी चालू आहे. गटातले कांबळेभाऊ मूळचे पैलवान. मी पंधरा वर्षं कंपनीच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळला. त्या जागेवरच्या खेळाडूचं काम एकच, पाय दिसला की घोटा धरायचा.

आज चाचणी होती. न थांबता वीस फेऱ्या पोहलं तरच शर्यतीत नाव जाणार होतं. पंधराव्या फेरीत कांबळेभाऊ मला मागे टाकून पुढे गेले आणि त्यांचा पाय बरोबर माझ्या नाकासमोर आला. पुढचं सगळं हातांनी मला न विचारता केलं.

दोघंही गटांगळ्या खात उभे राहिलो.

"सोड की राव, मी काय चढाईला आलोय का?" कांबळेभाऊ खोकत म्हणाले.

चाचणी घेणाऱ्या सरांनी शिट्टी वाजवली. "थांबलात. दोघंही बाद."

माझं पडलेलं तोंड पाहून कांबळेभाऊच म्हणाले, "सर, आमी परत पहिल्यापासून पोहतो. फक्त हा पुढं, मी मागं." मग हळूच मला म्हणाले, "आणि भावा, मधे थांबलास तर धोबीपछाड हाय."

सरांनी मान डोलावली, आणि वीस फेऱ्या मी एकदाही न थांबता पोहलो. सरांनी दोन्ही नावं लिहून घेतली.

रविवारी सायकलचा सराव आहे. कांबळेभाऊ म्हणतात, "तिथंही मी तुझ्या मागंच राहतो." तुमच्यातल्या कुणाला ठाऊक आहे का, सायकलवर कुस्तीचे कोणते डाव बसतात?