तिच्या पाळीचा पत्ता

वाग्देवतेच्या चरणी मस्तक ठेवून, आज वसंतपंचमीला, आमच्या घरातल्या एका खेळाविषयी लिहितो.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाणी अडखळू लागली. डॉक्टरांनी बजावले, "यांना रोज बोलतं ठेवा." पण अडखळण्याची तिला लाज वाटे. रोहणा या आपल्या माहेरगावच्या बोलीत मला दिवसभर टोमणे मारणारी ती माझ्यासमोरही गप्प राहू लागली.

तेव्हा पुण्याला राहणाऱ्या नातीने व्हिडिओ कॉलवरून तिला संगणकावर पत्त्यांचा एक खेळ शिकवला; दर रविवारी दोघी आपापल्या घरून खेळत. योद्धे, राक्षस, मंत्र यांची चित्रे असलेले पत्ते. दोघींच्या गड्ड्या वेगळ्या. पडद्यावर नुसता पट असे, नियम खेळणाऱ्यांनीच पाळायचे. आपण कोणता पत्ता टाकतो आहोत, त्याने काय घडेल, हे तोंडाने सांगून समोरच्याची संमती घ्यायची. संकल्प उच्चारल्यावाचून कर्म नाही, ही रीत मला ओळखीची वाटली. ती बोले, मी माऊस हलवी.

एकेका डावात अख्खी दुपार सरे. नातीचा वेळ वाचावा म्हणून मीच दुसरे सॉफ्टवेअर सुचवले, जे सारे नियम स्वतः सांभाळते. त्यात टाकण्याजोगे पत्ते आपोआप उजळत. ती बोट दाखवी, मी बटण दाबी. त्या रविवारी तीन डाव झटपट झाले आणि तिन्ही ती जिंकली.

"आजी, जिंकलीस गं! पण आज एक शब्दही बोलली नाहीस," नात म्हणाली.

माझी चूक मला उमगली. पुढच्या रविवारी आम्ही जुन्या पटावर परतलो.

"मी... मी..." तिने सुरुवात केली. विद्यार्थी श्लोकात अडला की पुढचा चरण सांगायचा, ही माझी जन्माची सवय. तिच्या मनातला पत्ता ओळखून मी तो पटावर ठेवला, वाक्यही मीच पुरे केले.

तिने डावा हात माझ्या हातावर ठेवला.

"थांबा जी. पाळी... माही हाय. मले... बोलू द्या."

कित्येक महिन्यांत ती सलग एवढे बोलली नव्हती.

"आबा, पत्ता मागे घ्या बरं!" नात हसू लागली.

मी पत्ता मागे घेतला आणि हात जोडून बसलो.

"मी... अग्नीचा... योद्धा टाकते. हरकत?"

"नाही, आजी."

"मंग हलवा ना... पंडितजी!"

वाचकहो, तुमच्या घरात प्रत्येकाचे वाक्य पूर्ण होईपर्यंत वाट पाहणारे कोणीतरी सदैव असो. वाग्देवी तुमच्या कुटुंबावर प्रसन्न राहो.