मुरुडला टँकर आला तेव्हा

आमच्या बिल्डिंगची टाकी धुतली की ब्लीचिंग पावडरचा वास जिन्यात उतरतो, आणि मी मनानं मुरुडच्या टँकरपाशी जाऊन उभी राहते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. दुष्काळानं विहिरी तळाला गेल्या होत्या. आमच्या महिला मंडळानं नव्या कलेक्टर कचेरीवर रिकाम्या घागरींचा मोर्चा नेला, त्यात सगळ्यात पुढं कमल आणि मी. आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. गाव आम्हाला मैत्रिणी म्हणायचं. आमच्या लेखी तो संसार होता.

चार दिवसांनी टँकर आला, पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास. बायांनी रांग लावली. माझी घागर पाइपाखाली होती, कमल शेजारीच होती, तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षबाई जवळ आल्या. आवाज त्यांनी अजिबात चढवला नाही.

"कमल, लोक तुम्हा दोघींबद्दल लई बोलायलेत. मंडळ टिकायचं असंल तर तू मुखेडला भावाकडं जा."

कमलनं माझ्याकडं पाहिलं. "जाऊ का, शांता?"

मी घागरीकडं बघत राहिले. ती भरली, पाणी काठावरून माझ्या पायांवर सांडलं. गार लागलं, एवढंच आठवतं. रडू आलं नाही, रागही आला नाही.

दुपारच्या एसटीनं कमल गेली. मी पुढं वीस वर्षं मंडळ चालवलं, कितीतरी मोर्चे काढले. गावाच्या पाण्यासाठी आपण सोसलं, असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, मला गप्प बस असं कुणी म्हणालंच नव्हतं. कमलनं साधं विचारलं होतं, आणि एक 'न्हाई' पुरलं असतं.